लिप बाममध्ये लाल रंग मिसळतच नाही, तळाशी थेंब साचतात

प्रश्न:
मधमाशांचं मेण २० ग्रॅम, खोबरेल ३० ग्रॅम, एरंडेल ५० ग्रॅम. वितळलेल्या मिश्रणात बाटलीतला पातळ खायचा रंग ५ थेंब घातला. कितीही ढवळलं तरी तो तळाशी जातो आणि थिजल्यावर लाल ठिपके दिसतात. पॉलिसॉर्बेट ८० (तेल आणि पाणी एकत्र मिसळायला मदत करणारा पदार्थ) घातलं तर जमेल का?

उत्तर १:
पॉलिसॉर्बेट नको. त्या बाटलीतला रंग पाण्यात विरघळलेला आहे आणि त्याचे विद्युतभार असलेले रेणू पाणी सोडून तेलात जात नाहीत. पॉलिसॉर्बेटने थेंब फक्त बारीक होतील. बाम गढूळ दिसेल, शिवाय आत पाणी राहिलं की बुरशीची भीती आलीच.

कॉस्मेटिक दर्जाचा लाल आयर्न ऑक्साइड (न विरघळणारी रंगाची पूड) घ्या, १०० ग्रॅमला १ ग्रॅमपासून सुरुवात. पूड थेट गरम तेलात टाकू नका, गुठळ्या होतात आणि त्या नंतर फुटत नाहीत. मोजलेल्या एरंडेलातलंच ३ ग्रॅम बाजूला काढून त्यात पूड काचेवर घोटा. एरंडेल दाट असल्याने कण नीट चिरडले जातात. पातळ थर उजेडात धरा. ठिपके दिसले तर अजून घोटा. सगळ्यात जास्त वेळ इथेच द्यायचा. मग लगदा वितळलेल्या मिश्रणात घाला आणि दाटसर होऊ लागेपर्यंत ढवळत राहा. ऑक्साइड विरघळत नाही, त्याचे कण नुसते मिश्रणात विखुरलेले असतात. पातळ असतानाच ओतलात तर तळाशी बसणार.

उत्तर २:
'लेक' रंगही चालतील, ओठांसाठी परवानगी असलेले. पाण्यातला रंग ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडवर बसवून ही पूड करतात. तीही विरघळत नाही, घोटावीच लागते. एखादा रंग तेलात विरघळतो का अशी शंका असेल तर चिमूटभर पूड कोमट तेलात ढवळून फिल्टर पेपरमधून गाळा. गाळलेलं तेल रंगीत आणि स्वच्छ असेल तर रंग विरघळलाय. पूड कागदावरच राहिली तर नाही.

उत्तर ३:
पारदर्शक छटा हवी असेल तर रतनजोत. ५ ग्रॅम मूळ, ५० ग्रॅम तेल, गरम पाण्यावर ठेवून ६०-७० अंशांवर तासभर, मग गाळा. बीटची पूड मात्र वाया जाईल, तिचा रंग पाण्यातच उतरतो. हेच रतनजोतीचं तेल साबणात घातलंत तर अल्कलीमुळे लालाचं जांभळं-निळं होईल.

प्रश्नकर्ता:
ऑक्साइड मेणबत्तीतही चालेल?

उत्तर १:
नाही, कण वातीत अडकून ज्योत मंदावते. तिथे तेलात विरघळणाराच रंग हवा. आणि मेणबत्तीचा रंग ओठांना लावू नका.