मदत हवी आहे : पानगळीवरच्या पाठासाठी पवित्र शास्त्रातील (बायबलमधील) उतारा

संडे स्कूलमधील ८ ते १० वर्षांच्या मुलांसाठी मी निसर्गावरून विश्वासाचे छोटे पाठ घेतो. आकाशातील पाखरे (मत्तय ६:२६), मुंगी (नीतिसूत्रे ६:६) आणि गव्हाचा दाणा (योहान १२:२४) हे पाठ झाले आहेत. दाणा सर्वांत खोल रुजला, कारण अंकुर फुटेपर्यंत मुलांनी स्वतः वाट पाहिली. फुलपाखरावरून पुनरुत्थान शिकवणे मात्र मी सोडून दिले, कारण सुरवंट कोशात मरत नाही आणि ओढूनताणून आणलेला दाखला मला मुलांपुढे ठेवायचा नाही. आता पानगळीसाठी यशया ४०:८ (गवत सुकते, फूल कोमेजते, पण देवाचे वचन सर्वकाळ टिकते) निवडले आहे, परंतु नुकतेच घरातील माणूस गमावलेले एक मूल वर्गात आहे. त्याला भीती न वाटता आशा दिसावी, म्हणून या वचनासोबत, मूळ संदर्भ न मोडता, कोणता उतारा जोडावा?