मदत हवी आहे: हाताने जमतं, वहीत जमत नाही (तिसरी-चौथी, गणित)

पायथ्याची शाळा

नमस्कार. चोपडा तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत शिकवतो. पहिली-दुसरी मॅडमांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे, दोन्ही वर्ग एकाच खोलीत. बहुतेक मुलांच्या घरी अहिराणी, काही पावरा, थोडी तडवी घरातली.

खेळातून, कृतीतून शिकवावं हे मला मनापासून पटलेलं आहे. त्यामुळे ‘खेळ बरा की फळा बरा’ हा माझा प्रश्न नाही. अडचण त्याच्या पुढची आहे.

वजाबाकीचं उदाहरण देतो. तुराट्यांच्या काड्या सारख्या मापाच्या तोडून दहा-दहाचे गठ्ठे केलेत, रबर लावून. आम्ही काड्यांचं दुकान मांडतो. एक दुकानदार, बाकीचे गिऱ्हाईक. ५२ काड्यांमधून २७ द्यायच्या म्हटलं की मुलं अडत नाहीत. दोन सुट्या आहेत, सात द्यायच्यात, लगेच कुणीतरी म्हणतं, “सर, एक गठ्ठा सोडना पडी!” गठ्ठा सुटतो, बारा सुट्या होतात, सात जातात, दोन गठ्ठे जातात आणि उरलेल्या २५ बरोबर मोजल्या जातात. तिसरीतली मुलंसुद्धा हे करतात.

तीच मुलं वहीत ५२ खाली २७ लिहितात आणि उत्तर काढतात ३५. सातातून दोन गेले पाच, पाचातून दोन गेले तीन. वर कोण, खाली कोण, याच्याशी संबंध नाही. मोठ्यातून लहान वजा केलं की झालं. पाच मिनिटांपूर्वी ज्या हातांनी गठ्ठा सोडला, तेच हात हे लिहितात. काड्या परत समोर ठेवल्या की उत्तर बरोबर, काड्या उचलल्या की पुन्हा ३५.

म्हणजे खेळातून काहीतरी नक्की शिकलं जातंय, पण ते कागदावर उतरत नाही. चाचणी कागदावर होते आणि पालकही वही बघतात. कापूस वेचून संध्याकाळी घरी आलेली आई वही उघडते तेव्हा तिला लाल शाईच दिसते. दुकान, काड्या, आरडाओरडा यातलं काही तिच्यापर्यंत पोहोचत नाही. ‘शाळेत नुसतं खेळवतात’ असं गावात बोललं जातं. मला त्यांचा राग येत नाही. त्यांना पोरगं शिकलेलं हवंय, मलाही तेच हवंय.

ज्यांनी वर्गात हे केलंय त्यांनी सांगा, काडीपासून अंकापर्यंत मुलाला नेतात कसं? मध्ये कोणत्या पायऱ्या लागतात? आणि एका वर्गाचं दुकान चालू असताना दुसऱ्या वर्गाकडे काय द्यायचं?

निवृत्त पण शिकवतो

सर, तुमच्या लिहिण्यातच एक गोष्ट दिसते. आधी काड्या, मग काड्या उचलायच्या, मग वही. या दोन गोष्टी वेगवेगळ्या वेळी होतात, म्हणून मुलाला ती दोन वेगळी कामं वाटतात. एक खेळ, एक अभ्यास. त्या एकाच वेळी करून बघा.

जोड्या लावा. एकाच्या हातात काड्या, दुसऱ्याच्या हातात पेन्सिल. काड्यावाल्याने गठ्ठा सोडला की पुढचं काही करायच्या आधी पेन्सिलवाल्याने ५ वर काट मारून ४ लिहायचे आणि २ च्या डोक्यावर १२. काड्यावाल्याने तोपर्यंत थांबायचं. मग सात काढल्या, की खाली ५ लिहायचे. दोन गठ्ठे काढले, की २ लिहायचे. हाताची एक हालचाल, कागदावरची एक खूण. पुढच्या गणिताला कामं बदलायची. पेन्सिलवाला चुकला तर काड्यावालाच त्याला धरतो, तुम्हाला बोलावं लागत नाही.

हे सवयीचं झालं की काड्यांऐवजी चित्र. गठ्ठ्याला उभी रेघ, सुटीला टिंब. ५२ म्हणजे पाच रेघा, दोन टिंबं. एक रेघ खोडून तिची दहा टिंबं काढायची. ही मधली पायरी आपण बहुतेक वेळा गाळतो आणि मूल तिथेच अडकतं. जेरोम ब्रूनर या मानसशास्त्रज्ञाने १९६० च्या दशकात हाच क्रम मांडला होता: आधी कृती, मग चित्र, मग चिन्ह. चित्राला वेळ द्या, काही मुलांना महिनाही लागेल.

त्यानंतर काड्यांवर रुमाल टाकायचा. काड्या आत आहेत, पण दिसत नाहीत. मुलाने नुसतं सांगायचं, आत काय करशील? सांगितलं की रुमाल काढून ताडून बघायचं. माझ्या अनुभवात खरी उडी इथे पडते. आणि पुढे कधीही अडलं तर काड्यांकडे परत जायला मोकळीक ठेवा, त्यात कमीपणा वाटता कामा नये.

बोलीतून

वरच्या प्रतिसादात एक भर. लिहिण्याआधी बोलणं हवं, आणि तेही मुलाच्या भाषेत. नंदुरबार जिल्ह्यात शिकवते. माझ्याकडची भिलोरी, पावरी बोलणारी मुलं कृती झरझर करतात, पण ‘काय केलंस ते सांग’ म्हटलं की गप्प. प्रमाण मराठीत सांगायचं म्हणजे दोन कामं एकदम होतात. मी आधी घरच्या बोलीत सांगायला लावते. मला सगळं कळत नाही, तेव्हा चौथीतली एखादी मुलगी मराठीत करून सांगते. मग तेच वाक्य फळ्यावर मराठीत आणि त्याखाली अंकांत.

आणि ते ३५ खोडू नका. ‘दुकानात ५२ काड्या होत्या, २७ विकल्या, ३५ उरल्या असं हा म्हणतो. विकलेल्या आणि उरलेल्या परत एकत्र करा’ म्हणून सांगा. ६२ होतात. दहा काड्या कुठून आल्या, यावर वर्गात जी चर्चा होते ती लाल शाईने कधीच होत नाही.

एक पालक

माझा मुलगा चौथीत आहे. थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. पुढच्या वर्षी पाचवीत नवोदयची प्रवेश परीक्षा. नवोदयला २ तासांत ८० प्रश्न असतात, तिथे काड्या मिळत नाहीत. भुसावळजवळच्या नवोदयमध्ये एका पोराचा नंबर लागला तर आमच्यासारख्या घराचं बरंच काही बदलतं. म्हणून काळजी वाटते. खेळ ठेवा, पण रोज वहीत चार-पाच गणितं तरी लिहून घ्या. घरी आम्हाला काय करून घेता येईल तेही सांगा. आम्ही विचारतच नाही असं नाही, काय विचारायचं ते कळत नाही.

फणी आणि घड

यावलकडची केळीची शेती आहे, शिक्षक नाही. पालकांचं विचारलंत म्हणून लिहितो. मुलांना घड कापणी असेल तेव्हा शेतात आणा, त्यांच्या आई-बापालाच शिकवू द्या. फणीत केळी दोन ओळींत असतात. एक ओळ मोजायची, दुप्पट करायची. घडाला फण्या किती ते मोजायचं. वरच्या फण्या भरलेल्या, खालच्या लहान, म्हणून नुसता गुणाकार केला तर उत्तर जास्त येतं. किती जास्त येईल याचा आधी अंदाज बांधायचा आणि मग मोजायचं. मजुराला हे अंदाज पाठ असतात, मास्तरला नसतात. पोराला आपल्या बापाला हे येतं हे दिसू द्या.

लागवड ५ बाय ५ फुटांवर असेल तर एका झाडाला २५ चौरस फूट जागा. एकर ४३,५६० चौरस फुटांचा, म्हणजे साधारण १,७४० झाडं. चौथीला हा भागाकार मोठा होईल, पण शाळेच्या मैदानात दोरी लावून ५-५ फुटांवर खडे ठेवले तर ओळी गुणिले झाडं हे डोळ्यांना दिसतं. एक सांगतो, शेतात जुने कपडे घालून पाठवा. केळीच्या चिकाचा डाग निघत नाही.

चाळीसगावकर

दुसऱ्या वर्गाला काय द्यायचं, याला माझं उत्तर चंगअष्ट, म्हणजे चिंचोके टाकून सोंगट्या चालवायचा आपला घरगुती खेळ. चिंचोके फरशीवर घासून अर्धे करायचे, एक बाजू पांढरी, एक काळी. चार टाकायचे, पांढऱ्या बाजू मोजायच्या, चारही काळ्या पडल्या तर आठ. नियम मुलांना घरून माहीत असतात, त्यामुळे तुम्ही तिकडे अडकून पडत नाही. फक्त एक काम जोडायचं: प्रत्येक दानाची खूण तक्त्यात करायची. तासाच्या शेवटी कोणतं दान जास्त पडलं ते बघायचं. दोन पांढरे सगळ्यात जास्त वेळा पडतात असं बहुधा दिसेल, चार आणि आठ क्वचित. का, ते मुलांनाच शोधू द्या. चिंचोके नीट घासलेले नसतील तर आकडे वाकडे येतात, मुलं तेही पकडतात.

भूमितीला ज्वारीची धांडं आणि बाभळीचे काटे. आपण लहानपणी त्याच्या गाड्या करायचो. चार धांडांचा चौकोन काट्यांनी जोडला की ढकलल्यावर कलतो, त्रिकोण कलत नाही. मग शाळेच्या पत्र्याखालच्या कैच्या (छप्पर पेलणारे त्रिकोणी सांगाडे) बघायला पाठवायचं. काटे मात्र मोजून द्या आणि मोजून परत घ्या.

आपल्याकडे गणिताची जुनी ओढ आहे, म्हणून अभिमानाने सांगतो. चाळीसगावजवळच्या पाटणादेवीच्या शिलालेखात भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढल्याची नोंद आहे, सुमारे इ.स. १२०७ ची. सहल काढायची झाली तर तिथे काढा.

पायथ्याची शाळा

सगळ्यांचे मनापासून आभार. जोडीने करायचं, एकाने काड्या आणि एकाने पेन्सिल, हे सोमवारपासून सुरू करतो. रेघ-टिंबांची पायरी मी घेतच नव्हतो, ती आता चांगली लांब ठेवेन. तिसरीचं हे चालू असताना चौथी चंगअष्टच्या तक्त्यावर.

पालक दादा, तुमचं म्हणणं पटलं. रोज चार गणितं वहीत असतील, पण प्रत्येकाशेजारी रेघ-टिंबांचं चित्रही असेल. घरी त्या चित्रावर बोट ठेवून फक्त विचारा, “इथे काय केलंस?” उत्तर बरोबर की चूक ते तुम्ही तपासायची गरज नाही. मूल बोलत राहिलं की झालं. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईलाही हे विचारता येईल. शाळा व्यवस्थापन समितीच्या सभेत हे चित्र मुलांकडूनच समजावून द्यायचा विचार आहे.

एक अजून. अपूर्णांकाला भाकरी वापरतो. अर्धी, पाव छान जमते, पण एकतृतीयांशला तुकडे सारखे होत नाहीत आणि मग ‘मोठा तुकडा म्हणजे मोठा अपूर्णांक’ असं डोक्यात बसतं.

निवृत्त पण शिकवतो

तृतीयांशला गोल नको, पट्टी घ्या. वर्तमानपत्राची लांब पट्टी पत्राच्या घडीसारखी तीन पदरी दुमडायची, कडा जुळेपर्यंत सरकवायची. सगळ्यांच्या पट्ट्या एकाच लांबीच्या हव्यात. मग अर्ध्याची, तृतीयांशाची, पावाची पट्टी एकाखाली एक ठेवा. छेद वाढला की तुकडा लहान होतो हे न सांगता दिसतं. आणि याही वेळी घडी घातली की लगेच त्या भागावर १/३ लिहायचं, नंतर नाही.

पायथ्याची शाळा

वर्तमानपत्रं शाळेत आहेत. चौथीला हेच देतो, आणि दोन्ही वर्गांचं काय झालं ते दिवाळीच्या सुट्टीआधी याच धाग्यावर लिहितो.