सल्ला हवा: १६ मीटरच्या गच्चीवर ४० मीटर बँडचा डायपोल

गच्चीकर:
हॅम (हौशी) रेडिओचं रिस्ट्रिक्टेड ग्रेडचं लायसन्स हातात आलंय. पुण्यात पाच मजली सोसायटी, मी दुसऱ्या मजल्यावर. गच्ची १६ बाय १० मीटर. ४० मीटर बँडचा, म्हणजे ७.१ मेगाहर्ट्झचा डायपोल (मधोमध केबल जोडलेली दोन बाजूंच्या तारांची अँटेना) बसवायचाय, पण सरळ ताणायला जागा पुरत नाही. रिगपासून (रेडिओ संचापासून) गच्चीपर्यंत ३० मीटर कोॲक्स (जाळीच्या आवरणाची केबल) लागेल. बारीक आरजी-५८ चालेल का? पुढेमागे २ मीटर बँडचाही (१४५ मेगाहर्ट्झ) विचार आहे.

जुना रेडिओ:
तिरकी का नाही ताणत? कोपरा ते कोपरा जवळजवळ १९ मीटर भरेल. डायपोलचं सूत्र १४३ भागिले मेगाहर्ट्झ; १४३ भागिले ७.१, म्हणजे एकूण तार २० मीटर. मधोमध ६ मीटरचा बांबू लावून उलटा व्ही करा, टोकं गच्चीच्या फरशीपासून दोन मीटरच्या वर राहतात. टोकाशी व्होल्टेज जास्त असतं, लोक तिथे कपडे वाळत घालतात, तेव्हा हात पोचू देऊ नका. आधी प्रत्येक बाजू साडेदहा मीटर ठेवा, जादाची तार टोकाशी दुमडून घ्या आणि एसडब्ल्यूआर मीटर (अँटेनाकडून किती पॉवर परत येते ते दाखवणारा; १ म्हणजे उत्तम) बघत कमी करत जा. कापता येतं, जोडत बसणं नको.

७ मेगाहर्ट्झला आरजी-५८ बिनधास्त घ्या, ३० मीटरमध्ये पाव पॉवर जाते, समोरच्याला कळतही नाही. १४५ ला मात्र तीच केबल ५० वॉटमधले जेमतेम १२-१३ वर पोचवते. तिथे जाड आरजी-२१३ सुद्धा जवळपास निम्मी खाते. २ मीटरची केबल वेगळी, आणि खर्च करायचा तो तिच्यावर.

ओली केबल:
एसडब्ल्यूआरवर फार विश्वास ठेवू नका. माझा १.३ होता, मी खूश. पण ऑगस्टमध्ये कुणालाच ऐकू जाईना. वरचा कनेक्टर उघडला तर जाळी हिरवी-काळी आणि आतून पाणी ठिबकलं. केबलच पॉवर खात होती, परतीची लाट मीटरपर्यंत येतच नव्हती! आता दर जूनच्या आधी वरचं टोक मोकळं सोडून अगदी कमी पॉवरवर एसडब्ल्यूआर बघतो. तुमच्या ३० मीटर आरजी-५८ ला ७ मेगाहर्ट्झवर तो सातच्या आसपास यायला हवा. दोन-अडीच आला तर केबल गेली समजा. जोडावर ताणून चिकटणारी रबर टेप लावा, साधी काळी टेप एका उन्हाळ्यात सुटते. खाली घरात शिरण्याआधी केबलला झोळ द्या, पाणी तिथेच गळून जाईल.

गच्चीकर:
बलून (केबल आणि डायपोलच्या जोडावरचं, केबलच्या जाळीवरचा करंट रोखणारं वेटोळं) लागेलच का? आणि टीव्हीची आरजी-६ पडून आहे.

जुना रेडिओ:
मिक्स ३१ (फेराइटचा एक प्रकार) च्या मोठ्या फेराइट रिंगवर आरजी-५८ चे १०-१२ वेढे घ्या, झालं. नाहीतर केबलची जाळीच अँटेना होते आणि शेजाऱ्यांचे स्पीकर बोलायला लागतात. आरजी-६ ७५ ओहमची असली तरी चालते, फक्त तिच्या ॲल्युमिनियम जाळीला सोल्डर धरत नाही. वळवाच्या दिवसांत केबल रिगपासून काढून ठेवत जा.

गच्चीकर:
मोजलं, १८.८ भरलं. एका कोपऱ्यात पाण्याची टाकी आहे, ते टोक तिच्यावरून न्यावं लागेल. रविवारी बांबू उभा करतोय.