मदत हवी आहे : दवामुळे दुर्बिणीचा आरसा धुरकटतो

मंडळी, पौष अमावास्येला गुहागरला मामाच्या आगरात दुर्बीण लावली होती. सहा इंची न्यूटोनियन (आरशांची दुर्बीण), फोकल लेंथ 1200 मिमी, आयपीस (डोळ्याजवळचं भिंग) 25 मिमीची, म्हणजे 48 पट मोठं दिसतं. सुरुवात झकास झाली. मृगातल्या तेजोमेघात, एम 42 मध्ये, ट्रॅपेझियम या चौकडीचे चारही तारे सुटे दिसले. मग व्याधाखालचा तारकागुच्छ एम 41, ययातीतला जोडगुच्छ. कृत्तिका मात्र एका नजरेत मावत नाहीत, त्यांना बायनॉक्युलरच बरी.

साडेअकरानंतर मिथुनेतला तारकागुच्छ एम 35 लावला, तर तारे कापसासारखे फुगलेले. आधी वाटलं, डोळे पेंगुळले. टॉर्च मारून बघतो तर आतला छोटा आरसा दवाने पांढरा, नळीवरून पाणी ओघळतंय. मामी म्हणाली, "शाल गुंडाळ तिला." गुंडाळली, उपयोग शून्य. हेअर ड्रायर मारला की पाच मिनिटं साफ, पुन्हा तेच.

छोट्या आरशामागे 12 व्होल्टवरचा हीटर कोणी घरी रेझिस्टर जोडून केलाय का? किती वॅटचा पुरतो?

दुसरं, खाऱ्या वाऱ्याने मोठ्या आरशावर बारीक ठिपके आलेत. डिस्टिल्ड वॉटरने धुवू की हातच लावू नको? घासायचा नाही, एवढं माहीत आहे.

पुढच्या अमावास्येला पहाटे ओमेगा सेंटॉरी हा गोलाकार तारकागुच्छ बघायचाय. गुहागरहून तो दक्षिणेला जेमतेम 25 अंश वर येतो, आणि दव पहाटेच सर्वात जास्त. त्याआधी काहीतरी सुचवा.