लेंडावात पाट्या दोन भाषांत, खरंच वापरतात का?

घणसोलीकर: ऑफिसच्या कामाने स्लोव्हेनियाला गेलेलो, हंगेरी बॉर्डरजवळ लेंडावा, पाटीवर खाली हंगेरियनमध्ये लेंडव्हा पण लिहिलेलं. हे नुसतं टुरिस्टसाठी का?

नौपाड्याची_ताई: नाही रे. 1920 च्या ट्रायनॉन तहात हंगेरीचा तो पट्टा गेला, माणसं तिथंच राहिली, बॉर्डर सरकली. आता तिथं हंगेरियनला अधिकृत भाषेचा दर्जा संविधानातच आहे.

वाशीवाला: शाळांचं भारी आहे, 1959 पासून द्विभाषिक, स्लोव्हेन पोरंपण त्याच वर्गात हंगेरियन शिकतात, शिवाय 90 जणांच्या संसदेत हंगेरियन समाजाची एक सीट राखीव. इकडे सोसायटीची नोटीस मराठीत लावा म्हटलं तर सेक्रेटरी म्हणतो प्रिंटरमध्ये फाँट नाय 😂

घणसोलीकर: अच्छा, म्हणून बेकरीवाली एका आजोबांशी वेगळंच बोलत होती, पुढच्या गिऱ्हाईकाला लगेच स्लोव्हेन!