ऑफरोड गाडीला पॉलीयुरेथेन बुश टाकू की रबरच ठेवू?

प्रश्न: पुढे-मागे सॉलिड अ‍ॅक्सल (दोन्ही बाजूची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) आहे, रेडियस आर्मचे (अ‍ॅक्सलला चासीशी जोडणारा दांडा) रबर बुश (सांध्यात बसणारी लवचिक गादी) फाटलेत, ब्रेक मारला की ठक्क आवाज येतो. एकजण म्हणतो पॉली टाक, आयुष्यभर बघायला नको. खरंय का?

उत्तर १: रेडियस आर्मला पॉली नको रे. एक चाक दगडावर चढतं तेव्हा अ‍ॅक्सल तिरका होतो आणि आर्म पिळला जातो, तो पीळ बुशनेच खायचा असतो, रबर खातं पण पॉली कडक म्हणून अडतं, मग फ्लेक्स (चाकांचं वर-खाली हलणं) कमी होतो आणि सगळा ताण ब्रॅकेटवर. वेल्ड तडकलेलं बघितलंय मी.

उत्तर २: सरसकट नाही म्हणू नका. पॅनहार्ड रॉड (अ‍ॅक्सल आडवा सरकू न देणारा), अँटी-रोल बार (वळणावर गाडी कलणं कमी करणारा) इथे पॉली मस्त चालतं, स्टिअरिंग एकदम नेमकं वाटतं. फक्त ग्रीस सिलिकॉनचंच लावा. चिखलपाण्यात ग्रीस धुऊन गेलं की चूं चूं सुरू, मग परत खोलून लावा, म्हणजे आयुष्यभर वगैरे काही नाही.

उत्तर ३: आणि रबर बसवताना एक चूक बरेच जण करतात, गाडी जॅकवर लटकलेली असतानाच बोल्ट आवळतात. रबर आतल्या स्लीव्हला (धातूच्या नळीला) चिकटलेलं असतं, ते फिरत नाही, नुसतं पिळतं, त्यामुळे गाडी खाली उतरवली की ते कायम पिळलेलंच राहतं आणि लवकर फाटतं. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन पडलेलं, मगच शेवटचा टॉर्क द्या. तुमचे आधीचे असेच गेले असतील बहुतेक.

प्रश्नकर्ता: अरे हो, लटकलेलीच होती! रबरच टाकतो, यावेळी खाली उतरवून आवळतो.