अर्धशिशी: बीपीची गोळी कशाला, आणि पोटात काही ठरत नाही तर गोळी घ्यायची कधी?

वरचा_बाजार_फोंडा:
बहीण, वय ३४. उजव्या कानशिलात ठणका, उजेड-आवाज सोसत नाही, उलट्या, दीड दिवस अंथरुणात. महिन्यातून चार-पाच वेळा. एरवीही डोकं जड झालं की कॅफीन मिसळलेली डोकेदुखीची गोळी घेते, महिन्यातले १२-१४ दिवस सहज. घरी सगळे म्हणतात पित्त आहे, कारण उलटी झाली की मोकळं वाटतं. डॉक्टरांनी लिहून दिलंय: दुखलं की डॉमपेरिडोन १० (उलटीवरची) आणि नेप्रोक्सेन ५०० (दुखण्यावरची), शिवाय रोज बीपीची प्रोप्रानोलॉल २० दोनदा. बीपी नॉर्मल, म्हणून ती शेवटची सुरूच केलेली नाही. नेप्रोक्सेन तर उलटीतूनच बाहेर पडते. एमआरआय करावा का?

काउंटरच्या_मागून:
गोळी बाहेर पडते कारण ती उशिरा घेतली जाते. अर्धशिशीच्या झटक्यात जठराची हालचाल मंदावते. गोळी तशीच पडून राहते, रक्तात वेळेवर पोचत नाही. उलटी हा झटक्याचाच भाग आहे, आणि काहींचा झटका उलटीनंतर ओसरतो. त्यामुळे सगळं खापर पित्तावर फुटतं आणि बिचारी अँटासिड पीत बसते.

ठणका सुरू होताच, दुखणं सौम्य असतानाच, आधी डॉमपेरिडोन आणि पंधरा-वीस मिनिटांनी नेप्रोक्सेन, दोन घास खाऊन. 'बघू, जाईल आपोआप' म्हणत थांबायचं नाही. कंगवा लागायला लागला, अंबाडा सोडावासा वाटला, कानातलं टोचलं, तर उशीर झालाय असं समजा. तिथून पुढे औषधांचा जोर कमी पडतो. कपाळाला सुंठेचा लेप लावून बरं वाटत असेल तर खुशाल लावा, पण लेप वाळेपर्यंत गोळी लांबवू नका.

नेप्रोक्सेन वेळेवर घेऊनही दोन-तीन झटक्यांत उपयोग झाला नाही तर डॉक्टरांना ट्रिप्टानबद्दल, म्हणजे अर्धशिशीचा झटका मोडणाऱ्या खास गोळ्यांबद्दल विचारा: सुमाट्रिप्टान ५० किंवा रिझाट्रिप्टान १०. उलट्या फार असतील तर सुमाट्रिप्टानचा नाकातला स्प्रेही असतो. हृदयविकार, पक्षाघात किंवा आटोक्यात नसलेलं बीपी असेल तर ट्रिप्टान नाही. एर्गोटामाइनवाली जुनी गोळी घरात असेल तर ती आणि ट्रिप्टान २४ तासांच्या आत एकत्र नकोत, दोन्ही रक्तवाहिन्या आवळतात.

रात्रपाळी:
मला जास्त काळजी त्या कॅफीनवाल्या गोळीची वाटते. मिश्र गोळ्या, ट्रिप्टान किंवा एर्गोटामाइन महिन्यातले १० दिवस, साधं पॅरासिटामॉल किंवा नेप्रोक्सेन १५ दिवस, असं तीन महिन्यांहून जास्त चाललं की गोळ्यांमुळेच डोकं दुखायला लागतं. १२-१४ म्हणजे हद्द ओलांडली. ती गोळी थांबवल्यावर पहिला आठवडा, कधी दहा दिवस, दुखणं वाढतं. हे आधी माहीत नसलं की माणूस तिसऱ्या दिवशीच पुन्हा दुकान गाठतो. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर दुखलं त्या दिवशी गोल, गोळी घेतली त्या दिवशी फुली. पुढच्या भेटीला ते पान डॉक्टरांना दाखवा.

प्रोप्रानोलॉल इथे बीपीसाठी नाही, झटके कमी व्हावेत म्हणून आहे. चालू झटक्यावर त्याचा काही उपयोग नाही. २० दोनदा ही सुरुवात, डोस हळूहळू वाढवतात आणि परिणाम दिसायला सहा-आठ आठवडे लागतात. पंधरा दिवसांत 'काही फरक नाही' म्हणून सोडू नका, आणि एकदा सुरू केल्यावर एकदम बंदही करू नका.

एमआरआय: तपासणी नॉर्मल आणि दुखण्याची तऱ्हा वर्षानुवर्षं तीच असेल तर गरज नाही. क्षणात उठलेली आजवरची सर्वांत भयंकर डोकेदुखी, ताप आणि मान ताठ, हात-पाय किंवा बोलणं लुळं पडणं, डोक्याला मार, यांपैकी काही असेल तर फोरम बंद करा, १०८ लावा आणि थेट बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल गाठा.

चवथीचा_माटोळीवाला:
सायनस तपासलाय का? पावसात आमच्याकडे निम्म्या गावाला सायनस असतो.

रात्रपाळी:
नाक चोंदणं, डोळ्यांतून पाणी हे अर्धशिशीतही होतं. सायनसच्या संसर्गात घट्ट पिवळा-हिरवा शेंबूड येतो, बहुधा तापही. मळमळ आणि उजेड न सोसणं ही त्याची लक्षणं नव्हेत. आणि तुमच्या नावावरून आठवलं: चवथीला आरती-नैवेद्य होऊन जेवायला दोन वाजतात. रिकामं पोट, जागरण, फटाके, झटका आणणारं सगळं एकाच दिवशी. सकाळी काहीतरी खाऊ द्या तिला, गणपती रागावणार नाही.

वरचा_बाजार_फोंडा:
आभार. एक सांगायचं राहिलं: तिला दमा आहे, पावसात अजून पंप लागतो. डॉक्टरांना सांगितलेलं नाही.

काउंटरच्या_मागून:
मग प्रोप्रानोलॉल सुरू केली नाही ते बरंच झालं. त्याने श्वासनलिका आवळतात, आणि पंपाचं औषधही नीट लागू पडत नाही. काही दमेकऱ्यांना नेप्रोक्सेनही बाधते, तेव्हा ती घेतल्यावर कधी धाप लागली होती का ते विचारा. लागली असेल तर ती बंद, आणि डॉक्टरांना भेटेपर्यंत पॅरासिटामॉल १००० वर भागवा. चिठ्ठी घेऊन उद्याच परत जा. पर्याय आहेत: फ्लुनारिझिन रात्री (झोप आणि वजन वाढतं, मन उदास होऊ शकतं), अमिट्रिप्टिलिन १० रात्री (तोंड कोरडं पडतं), टोपिरामेट २५ पासून (बोटांना मुंग्या, मूतखड्याचा धोका). मूल हवं असेल तर टोपिरामेट नको, आणि याच कामासाठी देतात ते व्हॅल्प्रोएट तर नकोच. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील आणि दुखण्याआधी डोळ्यांपुढे नागमोडी चमकत्या रेषा येत असतील तर तेही सांगा. अशा वेळी इस्ट्रोजेनवाल्या गोळीने पक्षाघाताचा धोका वाढतो, ती बदलावी लागते.